छपराची पाच कोटेशनं

२ एप्रिल, सकाळी

काल संध्याकाळच्या सरीत आत्याच्या उशीवर पाणी पडलं. एक थेंब, मग जरा वेळाने दुसरा. आत्या म्हणाली, चला, माझ्या उशाशी बसून रडायला कुणीतरी आलं एकदाचं. आईने थेंबाखाली पातेलं ठेवलं, आत्याने उशी पायथ्याशी नेली, आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

पदवी मिळाल्यापासून हे असंच चाललंय. विजेचं बिल जास्त आलं की माझ्याकडे बघतात. बाबांच्या गुडघ्याची गोळी जेवणाआधी की नंतर, माझ्याकडे बघतात. माझा विषय इतिहास होता. पण आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे बाबांच्या मते आता मला न येणारं असं काही उरलेलं नाही. बाबा छापखान्यात बाइंडिंग करतात. जन्मभर पुस्तकं शिवली, वाचायला सवड झाली नाही. म्हणाले, छपराचं तूच बघ, तू शिकलेली.

जबाबदारी स्वीकारली.

परिस्थिती अशी: दोन खोल्या, स्वयंपाकघर, पडवी. वर आजोबांच्या वेळची कौलं. बँकेत एक लाख दहा हजारांची ठेव, बाबांच्या ओव्हरटाइमची आणि आईच्या शिवणाची. त्यातले पंच्याण्णव हजार माझ्या बी.एड.चे. मला शिक्षिका व्हायचंय, आणि प्रवेशाची शेवटची तारीख ३१ मे आहे. उरले पंधरा हजार. छप्पर त्यात बसवायचं. बसेल.

संकल्प: आठवड्याभरात तीन कोटेशनं, तुलना, निर्णय. शिवाय ज्ञान एकट्याने खाऊ नये. 'छप्पर बदलताना घरमालकाने किती खर्च धरावा' अशी छोटी मार्गदर्शिका लिहून गल्लीत फुकट वाटणार.

मी घाबरलेली नाही. टॉर्च घेऊन वर पाहिलं तेव्हा किंचाळले, ते कोळ्यामुळे.

३ एप्रिल

पहिलं कोटेशन. बाबांच्या ओळखीचे कौलंवाले मामा आले. उजवा गाल भजीसारखा फुगलेला, त्यावरून रुमाल बांधलेला. दाढ दुखतेय म्हणाले.

त्यांनी मला विचारलं, किती ब्रासचं छप्पर आहे? मी म्हटलं, असेल बरंच. नंतर डिक्शनरी उघडली, तिथे पितळ निघालं. शेवटी आत्याने सांगितलं की शंभर चौरस फूट म्हणजे एक ब्रास, आणि आपलं सहा ब्रास. आत्याला कसं माहीत? म्हणाली, तुझे आजोबा घर बांधत होते तेव्हा मी विटा वाहत होते, तू कुठे होतीस?

मामांची काम करण्याची पद्धत पाहून मात्र निराशा झाली. वर एक लांब फळी आडवी टाकली आणि तिच्यावरून पोटावर सरपटत गेले. पालीसारखे. एकदाही उभे राहिले नाहीत. ज्या माणसाला स्वतःच्याच कामाची एवढी भीती, त्याच्यावर आपण किती विश्वास ठेवायचा?

खाली येऊन म्हणाले, तीसेक कौलं गेलीत, खालच्या दोन लाकडी पट्ट्या कुजल्यात, एका दिवसाचं काम. दहा हजार. आठ कामाचे, दोन माझ्या दाढेचे.

मी विचारलं, दाढेचा खर्च छपरात कसा? तर म्हणाले, ताई, बाकीचे न सांगता खातात, मी सांगून खातो. आणि खातो तेही एकाच बाजूने.

बाबा हसले. मला हसू आलं नाही. आज आपण दाढ मान्य केली तर उद्या हा समाज कुठे जाईल? त्यांना नम्रपणे सांगितलं की कळवते.

मार्गदर्शिकेसाठी वाक्य: कधीही पहिल्याच माणसावर विश्वास ठेवू नका.

७ एप्रिल

दुसरं कोटेशन. आज फार बरं वाटलं. छपराच्या कंपनीचे प्रतिनिधी आले. टाय, चकचकीत बूट, हातात टॅबलेट. मला मॅडम म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा.

आणि चालणं काय! शिडीवरून चढले आणि बागेत फिरावं तसे छपराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत छाती काढून चालत गेले. परत आले. मग फोन आला म्हणून बोलत बोलत पुन्हा गेले. प्रत्येक पावलाला कुर्र, कुर्र असा आवाज येत होता. नवे बूट करकरतातच.

मामांना न दिसलेल्या कितीतरी चिरा त्यांना दिसल्या. ठळक, ताज्या दिसणाऱ्या चिरा! टॅबलेटवर फोटो दाखवले. एका फोटोत त्यांच्या बुटाचं टोकही आलंय, पण फोटो स्पष्ट आहे. सव्वीस हजार.

आकडा दोनदा विचारून घेतला. पण लगेच सावरले. मामांचं ऐकलं असतं तर या चिरा डोक्यावर घेऊन झोपलो असतो.

८ एप्रिल

पहाटे भुरभुर पाऊस. तीन ठिकाणी गळलं. टायवाल्यांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं! मी सकाळी सगळ्यांना जमवून हे सांगितलं. बाबा काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलं, कान खाजवला आणि म्हणाले, बरं, तू म्हणतेस तर. आई आणखी दोन पातेली घेऊन आली.

दुपारपर्यंत वाचनालयात (माझी तिथे सकाळची अर्धवेळ नोकरी आहे) 'घरबांधणी: तत्त्व आणि व्यवहार' वाचलं. त्यात छप्पर कोसळण्याची अकरा कारणं दिली आहेत. दहा आमच्याकडे आहेत. अकरावं बर्फ आहे.

जेवताना वर बघत होते. आत्या म्हणाली, ताटात बघ, तिथलं तरी अजून पडलेलं नाही.

१२ एप्रिल

तिसरं कोटेशन. जाडे कंत्राटदार. नुसते जाडे नाहीत, भारदस्त. शिडी त्यांच्याखाली रडली. वर जाऊन म्हणाले, लाकडाचा जीव बघायचा तर टाच मारून बघायला लागतो. आणि मारली. तीनदा. नंतर आणखी वर सरकून चौथ्यांदा.

चौथ्या वेळी त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत स्वयंपाकघरात आला.

आई खाली दूध तापवत होती. दुधात लाल भुकटी, शेगडीवर कौलाचे तुकडे, आणि वर हवेत एक पाय, चपलेसकट. आईने आधी गॅस बंद केला, मग पायाकडे बघून विचारलं, लागलं का हो? पाय म्हणाला, नाही वहिनी.

मी अंगणात उभी होते. कंत्राटदार खाली उतरले, घाम पुसला आणि मलाच विचारलं, पाहिलंत? माझ्या जागी तुमचे बाबा असते तर? माझ्या डोळ्यांपुढे चित्रच उभं राहिलं. मी त्यांचे मनापासून आभार मानले. एवढा धोका आमच्या डोक्यावर होता आणि आम्हाला पत्ताही नव्हता!

एकेचाळीस हजार.

(नंतर आत्याने विचारलं, पण तुझे बाबा वर जाऊन टाचा कशाला मारतील? मी म्हटलं, शास्त्रीय गोष्टी एका वाक्यात सांगता येत नाहीत.)

१३ एप्रिल

स्वयंपाकघरातून आता आकाश दिसतं. उजेड चांगला येतो. आई म्हणाली, दिवा लावायला नको. ती उपरोधाने म्हणाली असं नाही, तिचा तो स्वभावच नाही.

शेजारच्या काकू भिंतीवरून विचारत होत्या की काय चाललंय, रोज कोण कोण वर दिसतं. त्यांचंही छप्पर आमच्याच वयाचं, त्यांनाही एक थेंब सुरू झालाय. मी त्यांना पंधरा मिनिटं नीट समजावून सांगितलं. एकाच माणसाचं ऐकून कधी ठरवू नका, निदान पाच जणांना वर चढवा, पाच होईपर्यंत काही करायचं नाही. काकूंनी मान डोलावली. म्हणाल्या, शिकल्याचा हा फायदा, आमच्यासारखं एकावर भाळून मोकळं होत नाही माणूस.

कुणाच्या तरी उपयोगी पडलो की भीती कमी होते. म्हणजे, असती तर कमी झाली असती.

१५ एप्रिल

आत्याने आज जेवताना उंटावरच्या शहाण्याची गोष्ट सांगितली. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट, विचारलं कुणी नव्हतं. रेडकाचं डोकं रांजणात अडकतं, सल्ला द्यायला शहाणा येतो, तो उंटावरून उतरत नाही म्हणून आत येताना त्याच्यासाठी दाराची चौकट पाडतात, मग भिंत पाडतात. सांगून झाल्यावर माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हटलं, आपल्याकडे सगळे शिडीने चढतात.

बाबांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, आक्का, पुरे. तिच्या मनात काहीतरी हिशेब असेल.

आहेच. तीन कोटेशनं झाली, ठरल्याप्रमाणे आता निर्णय घ्यायचा. पण दहा, सव्वीस आणि एकेचाळीस यांत एवढी तफावत असताना निर्णय घेणं म्हणजे बेजबाबदारपणा. कुणीतरी तटस्थ हवं. शिकलेलं.

एक निरीक्षण: आई रोज संध्याकाळी अंगण झाडते आणि लाल तुकड्यांची टोपली मोरीमागे रिकामी करते. जुन्या घरात कचरा फार निघतो.

२० एप्रिल

चौथं कोटेशन. इंजिनीअर. खरेखुरे, डिग्रीवाले. वाचनालयात येतात तिथली ओळख. फक्त बघायची फी दीड हजार, पण ज्ञानाला किंमत असते. वाढदिवसाचे साठवलेले दिले.

त्यांनी मधल्या ओळीतली सहा कौलं खेचून काढली आणि पिशवीत घातली. प्रयोगशाळेत दाबून पाहतो, कितीला फुटतात ते कळेल, म्हणाले. मी विचारलं, परत कधी मिळतील? ते म्हणाले, परत? फुटल्यावरच कळतं ना किती दाब सोसला.

वैज्ञानिक दृष्टिकोन तो हाच.

ते गेल्यावर अर्ध्या तासाने वरची अख्खी ओळ घसरून अंगणात आली. आत्या तेव्हा अंगणातच बसली होती, पण सुदैवाने तिकडच्या बाजूला. पाय दुखतात म्हणून एरवी भिंत धरून चालणारी आत्या आज उडी मारताना पाहिली.

संध्याकाळी त्यांचा अहवाल आला, अडुसष्ट हजारांचा. 'छताची स्थिती झपाट्याने खालावत असल्याचे निदर्शनास आले.' हे वाक्य मी दोनदा वाचलं. किती नेमकं!

आज अंथरूण दाराच्या चौकटीत घातलं. तिथे वारा येतो, म्हणून.

२१ एप्रिल

आत्याचा पलंग स्वयंपाकघरात नेला. तिथे कंत्राटदारांच्या पायाचं भोक आहे, पण निदान ते कुठे आहे हे नक्की माहीत आहे, असं ती म्हणाली.

हिशेब केला. ठेवीतून अडुसष्ट गेले तर बी.एड.ला बेचाळीस उरतात. बेचाळीस हजारांत बी.एड. होत नाही. पण अडुसष्टवाले घ्यायचे असं थोडंच ठरलंय! अजून काहीच ठरलेलं नाही, हीच आपली ताकद आहे.

२७ एप्रिल

पाचवं आणि शेवटचं. हे दोघे भाऊ एकत्र धंदा करतात. वर जाईपर्यंत एकत्र होते. वर गेल्यावर धाकटा म्हणाला पत्रा घालू, मोठा म्हणाला कौलंच घालू. धाकटा म्हणाला, वडिलांच्या वेळेपासून तुझं हेच. मोठा म्हणाला, वडिलांचं नाव काढू नकोस. मग वडिलांचं नाव बऱ्याच वेळा निघालं आणि दोघे एकमेकांची कॉलर धरून वर गोल गोल फिरले. शेवटी मोठ्याने एक कौल उचलून धाकट्याला मारलं. नेम चुकला. कौल काकूंच्या तुळशीवृंदावनाला लागून फुटलं.

मी खाली शिडी धरून उभी होते आणि रडत होते. धुळीमुळे.

धाकट्याने पंचाहत्तर सांगितले, मोठ्याने ऐंशी. जाताना एकाच स्कूटरवर बसून गेले.

२ मे

तुलनात्मक तक्ता तयार केला. अनुभव, वागणूक, शैक्षणिक पात्रता, लेखी कोटेशन, निर्भयता अशा पाच निकषांवर गुण दिले. निर्भयतेत जाड्या कंत्राटदारांना दहापैकी दहा. मामांना एक. एकूण बेरजेत इंजिनीअर पहिले आले, पण ते बांधकाम करत नाहीत, फक्त अहवाल देतात.

तक्ता बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळा पाहिला, कागदाच्या कडा बोटाने सरळ केल्या. म्हणाले, ओळी फार सुबक मारल्यास. मी विचारलं, बाबा, मग कुणाला द्यायचं? ते एकदम घाबरल्यासारखे झाले. आता मी काय सांगणार त्यातलं, म्हणाले, तू ठरवशील तेच बरोबर.

याला म्हणतात विश्वास. असा विश्वास छातीवर दगडासारखा बसतो. म्हणजे, चांगल्या अर्थाने.

४ मे

सगळ्यांचे फोन येतायत. ठरलं का? ठरलं का? फोन वाजला की मी अंगणात जाते. आज आत्याला म्हटलं, तू उचल आणि सांग मी छपराच्या कामात आहे. आत्याने फोनवर सांगितलं, ती छपराच्याच कामात आहे, अंगणात उभी राहून वर बघतेय आणि नखं खातेय.

मी दिरंगाई करत नाही. पदवीधर माणूस घाईने निर्णय घेत नाही, इतकंच.

मार्गदर्शिकेसाठी वाक्य: खर्चाचा अंदाज घेताना (वाक्य पूर्ण करणे.)

१० मे

काल सबंध संध्याकाळ वादळ आणि पाऊस. आज सुट्टी घेतली.

घरात एकही भांडं मोकळं नाही. पातेली, परात, बादल्या, डबे, कुकर, आत्याचा तांब्या, सगळी पाण्याखाली मांडलेली. टप, टिंग, टप, ठण्ण. आईने स्वयंपाक कशात करायचा असं विचारलं. मी म्हटलं, एखादं रिकामं कर. तिने एक परात रिकामी केली, तेवढ्यात शिवणाच्या मशिनवर पाणी पडलं. मग परात पुन्हा तिथे. गिऱ्हाइकाचा शिवून ठेवलेला ब्लाउज भिजला आणि त्याचा रंग दुसऱ्या ब्लाउजला लागला. आई त्यावर काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मला फार भीती वाटते.

हो, वाटते. हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. मला छपराची भीती वाटते, ढगांची वाटते, शिडीची वाटते, फोनची वाटते. सगळ्यांत जास्त भीती वाटते ती मी एकाला हो म्हणेन आणि तो चुकीचा निघेल याची. मग घरातले माझ्याकडे बघणार नाहीत. आतापर्यंत बघतात त्याचा त्रास होत होता.

भिंतीवरची माझ्या पदवीची फ्रेम. काचेच्या आत पाणी शिरून कुलगुरूंची सही पसरली. फ्रेम कपाटात ठेवली. त्या भिंतीवर खिळा तेवढा उरला, बाबा येता-जाता तिकडे बघतात.

निर्णय घेतला! मामा. दहा हजार. दाढेसकट. तत्त्व मोठं असतं, पण छपराखाली असलं तर जास्त टिकतं. पंधरा हजारांत बसतं, बी.एड.ही होतं. एवढं सोपं होतं! फिरून फिरून योग्य ठिकाणी आले, पण अभ्यासाअंती आले. याला महत्त्व आहे.

फोन केला. परवा येतो म्हणाले. खूप दिवसांनी नीट जेवले. उभ्याने, कोरड्या कोपऱ्यात.

१२ मे, सकाळी १०

मामा आले. गालाची सूज उतरलेली. दारातूनच म्हणाले, ताई, दाढ काढून टाकली, आता आठातच करतो.

मी बाबांकडे पाहिलं. डोळ्यांत म्हटलं, बघा, थांबण्याचा फायदा. दोन हजार वाचवले.

मामा आत आले, वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, वर कुणाची वरात नाचवली का?

मी त्यांना शांतपणे समजावलं. चार तज्ज्ञ पथकांकडून पाहणी करून घेतली. कोण कसं चाललं, टाचा कुठे मारल्या, नमुने कुठे नेले, सगळं. सांगता सांगता माझाच आवाज कसा कोण जाणे बारीक व्हायला लागला. मामा आधी हसले, मग खालीच बसले आणि दाढेची रिकामी जागा धरून हसत राहिले. टाके तुटतील म्हणाले.

मग हसायचे थांबले. म्हणाले, जुनं कौल माणसाच्या वजनाला उभं राहत नाही, ताई. आता काय, अर्धी फुटलीत, पट्ट्या मोडल्यात, दोन वासे गेले. सगळंच उतरवायचं. सहा ब्रास, लाकूड, नवी कौलं, मजुरी. एक लाख दहा. वर म्हणाले, दाढेचे दोन सोडले, एक लाख आठ धरा.

आई आत निघून गेली.

१२ मे, दुपारी

बाबांना विचारलं. तुमच्या लक्षात आलं होतं?

ते म्हणाले, हो, टायवाला चालला तेव्हाच. आवाज येत होता ना.

आईला विचारलं. तिने मला मोरीमागे नेलं. तिथे तुकड्यांचा ढीग, माझ्या कमरेएवढा. आई म्हणाली, प्रत्येक जण येऊन गेला की टोपलीभर निघायचं. जाड्याच्या दिवशी तीन निघाल्या.

मग बोलला का नाहीत?

बाबा पायरीवर बसले होते. बोटावर बाइंडिंगचा चिकट डिंक वाळलेला, तो सोलत होते. म्हणाले, दोनदा तोंडाशी आलं. पण वाटलं, आपण अडाणी. शिकलेल्यांची छप्पर मोजायची पद्धत अशीच असेल. मध्ये बोललो आणि आपलंच चुकलं तर? तू मनातून हसशील.

आत्या म्हणाली, मी तर गोष्टसुद्धा सांगितली बाई.

म्हणजे मी छपराला भीत होते, आणि घरातले मला.

तिथेच, ढिगापाशी, दोन तुकडे जुळवून बघत बसले. बाबा आले, म्हणाले, बी.एड. पुढच्या वर्षी करू गं, कॉलेज काय पळून जातंय. आणि मग, अगदी हळू, विचारलं, करायचं ना मामांना नक्की? तू म्हणशील तसं.

मी म्हटलं, बाबा, तुम्ही सांगा.

ते दचकले. मग म्हणाले, करू. स्वतःशीच मान हलवली आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हणाले, करू.

३१ मे

शेवटची तारीख. वाचनालयातून येताना कॉलेजच्या रस्त्याने आले नाही. लांबून आले. चालणं आरोग्याला चांगलं.

छप्पर पूर्ण. लालभडक. आत्याचा पलंग जागेवर गेला. तिला आता झोप लागत नाही म्हणते, फार शांत वाटतं. ठेवीत दोन हजार उरले. दाढेचे.

पुढच्या वर्षीचं नियोजन: आठवड्यातले तीन दिवस शिकवण्या घेणार, महिन्याला आठ हजार बाजूला. वर्षात शहाण्णव. फीपेक्षा एक जास्तच. अगदी सहज.

(आत्तापर्यंत विद्यार्थी: एक. कौलंवाल्या मामांचा नातू. फी मामांनी दाढेत वळती करून घ्या म्हटलंय.)

६ जून

काकू आल्या होत्या. नवं छप्पर बघून खूश झाल्या. म्हणाल्या, किती खर्च धरायचा गं छपराला, तू ते पुस्तक लिहिणार होतीस ना?

मी खरं सांगायचं ठरवलं. एका दमात सगळं सांगितलं. दहा हजारांचं काम होतं, काकू. माझ्यामुळे एक लाख आठ हजारांचं झालं. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. तुम्ही मामांना बोलवा, ते म्हणतील तेवढे द्या, वर दुसऱ्या कुणालाही जाऊ देऊ नका.

काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला. डोळे भरून आले त्यांचे. म्हणाल्या, शिकलेलं माणूस किती विनयशील असतं बघ! एवढं सगळं करून श्रेय म्हणून घेत नाही. बाबांना हाक मारून सांगितलं, भावोजी, पोरीला फार चांगलं वळण लावलंत हो.

बाबा लाजले.

मी म्हटलं, काकू, खरंच सांगतेय.

त्या म्हणाल्या, अगं, तू भिंतीवरून सांगितलं होतंस ना, पाच होईपर्यंत काही करायचं नाही? शब्द न् शब्द लक्षात ठेवलाय मी. तो टायवाला सकाळपासून आलाय आमच्याकडे. वरच आहे.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. कुर्र. आणि मग, बागेत फिरावं तसं सावकाश, कुर्र, कुर्र.

६ जून, संध्याकाळी

पाऊस.

काकू डोक्यावर पदर घेऊन धावत आल्या. एखादं पातेलं असलं तर दे म्हणाल्या. आईने सगळ्यांत मोठं काढून दिलं. परत कधी देऊ, काकूंनी विचारलं.

मी म्हटलं, राहू द्या. आणि परात पण घेऊन जा.